तालुक्याच्या गावात स्पेशल मुलांच्या पालकांचा ग्रुप कसा उभा करायचा आणि टिकवायचा कसा

पुण्या-मुंबईत थेरपी सेंटरच्या बाहेर बाकड्यावर बसल्या बसल्या आयांच्या ओळखी होतात, नंबर घेतले जातात आणि ग्रुप आपोआप बनतो. तालुक्याच्या गावात मुळात सेंटरच नसतं, त्यामुळे ऑटिझम, सीपी (सेरेब्रल पाल्सी), डाऊन सिंड्रोम किंवा गतिमंदत्व असलेलं मूल ज्या घरात आहे त्या घराला वाटतं की आख्ख्या तालुक्यात आपणच एकटे. तसं नसतं हो, पण शोधावं लागतं. आणि शोधलेली माणसं टिकावीत असं वाटत असेल तर ग्रुपला पहिल्या दिवसापासून काम द्या. नुसतं मन मोकळं करायला लोक दोनदा येतात, तिसऱ्यांदा घरात काहीतरी निघतंच.

माणसं शोधायला बॅनर-पोस्टरच्या भानगडीत पडू नका. पाहुणे आले की मुलाला आतल्या खोलीत ठेवणारं घर पोस्टर वाचून येत नाही. त्या घराला ओळखणारी माणसं आधीच फिरत असतात, आशाताई, अंगणवाडी सेविका, गटसाधन केंद्रातले (म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या केंद्रातले) समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक, आणि आरबीएसकेच्या गाडीतून शाळा-अंगणवाड्या तपासत जाणारे डॉक्टर (हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात आणि वाढीतला उशीरही बघतात). यांच्याकडे मुलांची यादी मागू नका, ते देणार नाहीत आणि देऊही नये. तुमचा नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या द्या आणि सांगा, ताई, असं घर दिसलं की एवढी चिठ्ठी आईच्या हातात द्या, फोन करायचा की नाही ते ती ठरवेल. अजून एक हमखास जागा म्हणजे सिव्हिलला दिव्यांग सर्टिफिकेटसाठी तपासणीचा जो ठरलेला वार असतो तिथली रांग. सकाळपासून पोरं घेऊन बसलेले पालक असतात, बिस्किटाचे पुडे आणि पाण्याची बाटली घेऊन जा, ओळख तिथंच होते.

पहिल्या बैठकीला चार-पाच घरं आली तरी भरपूर झालं. रविवारी झेडपीच्या शाळेचा एक वर्ग मिळतो, नाहीतर समाजमंदिर. जागा बघताना दोनच गोष्टी बघा, संडास वापरण्यासारखा आहे का आणि बाहेरच्या दाराला वरची कडी आहे का, कारण आपली पोरं कधी सुसाट सुटतील सांगता येत नाही आणि बाहेर विहीर किंवा हायवे असतो. मुलांना घेऊनच या म्हणा. घरी ठेवून या म्हटलं की अर्ध्या आया येणारच नाहीत, ठेवणार कुणाकडे? कॉलेजातली दोन-तीन ओळखीची पोरं मुलांजवळ बसवा, पण त्याच खोलीत, डोळ्यांसमोर.

पाहुणे बोलवू नका. सरपंच, डॉक्टर, नारळ, हारतुरे काही नको, सत्कारातच वेळ जातो आणि आया घड्याळाकडे बघत बसतात. ओळख करून देताना मुलाला काय होतंय हे सांगायला लावू नका, ते सांगून सांगून त्या दमलेल्या असतात. मुलाला काय आवडतं ते विचारा. एक जण सांगेल पंखा, दुसरा सांगेल टायर, तिसरीचा मुलगा एसटीचे बोर्ड बघून गाड्या ओळखतो, आणि बघता बघता लोक हसायला लागतात. एक वाक्य मात्र तिथल्या तिथं हळूच थांबवायचं, "तुमचा बोलतो तरी". या तुलनेने माणसं जेवढी तुटतात तेवढी कशानेच तुटत नाहीत.

आता कामाचं. दुसरी बैठक सरळ कागदपत्रांची ठेवा. मला विचाराल तर ग्रुप चिकटून राहतो तो याच्यामुळे, आणि बैठकीला कधी न येणारे बाबा लोकही या दिवशी झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन हजर होतात, त्यांना रडण्यापेक्षा फॉर्म भरणं सोपं जातं, असू दे. प्रत्येक घराची एक फाईल करा. सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, कारण पुढचं जवळपास सगळं यावर अडतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यात आहे, त्यामुळे "हे अपंगत्वात बसत नाही" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, कायद्याची यादी प्रिंट काढून फाईलमध्येच ठेवा आणि पुढे सरकवा. बहुतेक सवलतींसाठी सर्टिफिकेटवर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. मग निरामय, ही राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची आरोग्य विमा योजना, ऑटिझम, सीपी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी, वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. रिन्यू करायचं लोक हमखास विसरतात, म्हणून एका माणसाकडे सगळ्यांच्या तारखा ठेवा. नोकरदारांनी जुन्या टॅक्स पद्धतीत ८०डीडी बघावं, म्हणजे घरातल्या दिव्यांग माणसाच्या सांभाळासाठीची आयकरातली सवलत, ७५ हजारांची वजावट आहे, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्यापुढे असेल तर सव्वा लाख.

आणि ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी! पंचायत असो की नगरपालिका, स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. एकटी आई विचारायला गेली की "बघू" म्हणतात, सात-आठ घरांनी मिळून बजेटच्या आधी लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली की तेच लोक खुर्ची देतात. पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका, हे तर कुठल्याही ऑफिसात लागू आहे म्हणा.

ज्यांची मुलं १६-१७ ची आहेत त्यांना वेगळं बसवून पालकत्वाचं सांगा. १८ पूर्ण झाले की आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे, त्याखाली जिल्ह्याला कलेक्टरांची स्थानिक स्तर समिती असते, तिथं कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करायचा. अठराव्या वाढदिवसानंतर बँकेत अडकून मग धावाधाव करण्यापेक्षा कागद आधी गोळा करून ठेवलेले बरे.

कागदांच्या निमित्ताने दोन-तीन महिने लोक भेटत राहिले की विश्वास येतो, मग खरं काम सुरू करा, एकमेकांचा भार उचलायचं. मोठं काही नाही, दोन घरांची जोडी लावायची. आधी चार-पाच वेळा एकत्र बसायचं, आईसमोरच, मग कधीतरी एक तास माझं मूल तुझ्याकडे, पुढच्या आठवड्यात तुझं माझ्याकडे. त्या तासात आईने झोपावं, दाताच्या डॉक्टरकडे जावं, काहीही करावं, हिशोब मागायचा नाही. त्याआधी प्रत्येक मुलाचं एक पान लिहून घ्या: काय खातो, शी-शूला कोणता शब्द किंवा खूण, कशाने चिडतो (मिक्सर, कुकरची शिट्टी, कुत्रं), चिडला की कशाने शांत होतो, गोळ्या कोणत्या आणि किती वाजता, फिट येते का, डॉक्टरचा नंबर. हे पान फ्रीजवर चिकटवलेलं असू द्या, घरी अचानक कुणाला ॲडमिट करावं लागलं तर शेजारणीलाही उपयोगी पडतं. सुरक्षिततेबाबत भिडस्तपणा नको, मूल दुसऱ्या घरी असताना दोन मोठी माणसं हवीत, दार उघडं हवं, आणि ज्या घराबद्दल कुणाच्याही मनात किंतु आहे त्या घराची जोडी लावायची नाही, कारण विचारत बसू नका. आपली पुष्कळ मुलं घडलेलं सांगू शकत नाहीत.

फिटचं तर सगळ्यांनाच शिकवा, रिक्षावाल्यालासुद्धा. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, तोंडात चमचा-बोट-पाणी काहीच घालायचं नाही, कांदा आणि चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेली की दवाखाना. आरबीएसकेच्या किंवा पीएचसीच्या डॉक्टरांना यासाठी मात्र जरूर बोलवा, अर्धा तास पुरतो.

व्हॉट्सॲप ग्रुप लागणारच, पण नियम पहिल्या दिवशी पिन करा. मुलांचे फोटो-व्हिडिओ बाहेर जाणार नाहीत. गुड मॉर्निंग नको. आणि जडीबुटी, चमत्कारी तेल, स्टेम सेलच्या (पेशी टोचण्याच्या उपचाराच्या) जाहिराती अजिबात नकोत. स्टेम सेलचा खर्च काही लाखांत जातो, लोक जमीन विकतात, आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच म्हटलंय की ऑटिझमवर उपचार म्हणून त्याची शिफारस करत नाही. कुणी करून आलं असेल तर त्याला ग्रुपवर झापू नका, नाहीतर तो माणूस जातो आणि बाकीचे लपवायला लागतात. शांतपणे माहिती टाका आणि फोनवर बोला.

घरातल्यांचं काय करायचं हा अवघड भाग आहे. सुनेच्या माहेरकडून आलंय, गरोदरपणी ग्रहण बघितलं, मोबाईल दिला म्हणून असा झाला, हे सगळं ऐकावं लागतं. यावर भाषण देऊन काही होत नाही हे मी पाहिलंय, पण एखाद्या बैठकीला सासूबाईंना बोलवलं आणि दुसऱ्या गावची तशीच आजी नातवाला मांडीवर घेऊन बसलेली दिसली की पुष्कळ फरक पडतो, आज्या एकमेकींचं ऐकतात. भावंडांसाठी वर्षातून एकदा वेगळी सहल काढा, त्या दिवशी "दादाला सांभाळ" असं कुणीही म्हणायचं नाही.

गावाला सामील करताना छोट्या मागण्या करा. सलूनवाल्याला सांगा, सोमवारी दुकान बंद असतं तेव्हा एक खुर्ची उघडाल का, मशीन न लावता कात्रीने. गणपती मंडळाला सांगा, एका सकाळी स्पीकर बंद ठेवून आमच्या मुलांना आरतीला उभं राहू द्या. पोरं हो म्हणतात, त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

नोंदणीची घाई नको. सोसायटी कायद्याने सात जण लागतात आणि मग ऑडिट, चेंज रिपोर्ट (पदाधिकारी वगैरे बदलले की द्यायचा अर्ज), धर्मादाय कार्यालयाच्या खेपा मागे लागतात. वर्ष-दीड वर्ष तशीच वही ठेवून चालवा, चहाचे पैसे आळीपाळीने. पुढे मुलं मोठी झाल्यावर "आमच्यानंतर कोण" हा प्रश्न येतो तेव्हा संस्था लागते. अशा मोठ्या झालेल्या मुलांना राहण्यासाठी पालकांनीच उभ्या केलेल्या जागा आपल्याकडे आहेत, बदलापूरचं आधार, डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं घरकुल. एक जीप करून बघायला जा, आधी फोन करून, आणि इमारत बघून भारावून येऊ नका. रात्री ड्युटीला किती माणसं असतात, कर्मचारी सुट्टीवर गेला तर काय करता, आजारी पडल्यावर सोबत कोण जातं आणि महिन्याचा खर्च कुठून येतो, हे चार प्रश्न वहीत लिहूनच न्या.