बोर्डो मिश्रण: तांबं बांधलं गेलं का, हे कसं ओळखाल

नाशिकच्या दिंडोरी-निफाड द्राक्षपट्ट्यात फळछाटणीनंतर पाऊस आला की केवडा रोगाची भीती आणि बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीची, तयारी दोन्ही सुरू होतात. मिश्रणात तांबं मोकळं राहिलं तर कोवळी पानं करपतात. म्हणून प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारा: तांबं आत्ता कोणाशी बांधलेलं आहे?

१ टक्क्याच्या १०० लिटरसाठी १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) आणि १ किलो ताजा कळीचा चुना घ्या.

मोरचूद आदल्या रात्री गोणपाटात बांधून, ५० लिटर पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये वरच्या बाजूला लटकवा. जड द्रावण खाली उतरतं आणि खड्यांना ताजं पाणी मिळत राहतं. तळाशी टाकलेले खडे लवकर विरघळत नाहीत. खड्यात तांब्याचा धन आयन (धन विद्युतभाराचा कण) आणि सल्फेटचा ऋण आयन विद्युत आकर्षणाने एकमेकांना धरून असतात. हा आयनिक बंध पाण्यात सुटतो. सल्फेटमधले गंधक आणि ऑक्सिजन मात्र इलेक्ट्रॉन वाटून घेतात. तो सहसंयुज बंध टिकतो, म्हणून सल्फेट अख्खं राहतं. लोखंडी भांडं टाळाच. लोखंड स्वतःचे इलेक्ट्रॉन तांब्याला देतं, तांबं भांड्यावर बसतं आणि भांडं झिजतं.

चुना मातीच्या भांड्यात थोडं थोडं पाणी घालून विरवा. तो उसळतो, चटका बसतो. डोळ्यांना चष्मा हवाच. गार झाल्यावर ४० लिटर पाण्यात कालवून फडक्यातून गाळा, नाहीतर नोझल तुंबतं.

आता तिसऱ्या ड्रममध्ये दोन्ही द्रावणं एकाच वेळी, बारीक धारेने, ढवळत ओता. चुन्यातला हायड्रॉक्साइड तांब्याला पकडतो आणि न विरघळणारा निळा साका तयार होतो. चुन्यातलं कॅल्शियम मोकळ्या झालेल्या सल्फेटला धरतं, त्याचं जिप्सम होतं. हिशेबाने १ किलो मोरचुदात तांबं सुमारे २५५ ग्रॅम असतं, त्याला शुद्ध कळीचा चुना २२५ ग्रॅम पुरतो. पण बाजारातला चुना शुद्ध नसतो, आणि जुना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडी झालेला असतो. म्हणून वजनावर विसंबू नका, सामू (पीएच; ७ म्हणजे ना आम्ल ना अल्क) बघा. मोरचूद संपेपर्यंत चुन्याची धार बेताची ठेवा, शेवटी सामू ७ च्या किंचित वर गेला की चुना थांबवा आणि साध्या पाण्याने १०० लिटर पूर्ण करा.

मग घासून चकचकीत केलेला खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे. थोडा चुना घालून नव्या खिळ्याने पुन्हा तपासा. ही चाचणी सोडून फवारणीला हात घालू नका.

फवारणी त्याच दिवशी उरका. ठेवलेल्या मिश्रणात साक्याचे कण मोठे होतात, तळाला बसतात आणि पानाला नीट चिकटत नाहीत.