आरव्हीत राहायला निघालात? आधी वीज-पाणी, मग लोकर

न्यू जर्सीतलं घर विकून आम्ही नवरा-बायको आरव्हीत, म्हणजे स्वयंपाकघर, पलंग, संडास असलेल्या घरवजा गाडीत, राहायला लागलो तेव्हापासून ओळखीच्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: "काय काय बघून झालं?" भांडी कुठे घासता, हे क्वचितच कुणी विचारतं. नव्याने निघणाऱ्याच्या कामाचा प्रश्न खरं तर तोच. पंधरा दिवस गाडी भाड्याने घेऊन हिंडणं वेगळं आणि बाराही महिने तिच्यात नांदणं वेगळं. घडी नीट बसली नसेल, तर ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर उभं राहूनही माणूस सांडपाण्याच्या टाकीचा विचार करतो. म्हणून आधी ही घडी, मग माझं विणकाम आणि मग फिरणं, अशा क्रमाने सांगते.

आधी वीज. मध्यम आकाराच्या बहुतेक गाड्यांना ३० अँपिअरची जोडणी असते. १२० व्होल्टला हे झाले ३,६०० वॅट, आणि त्यातच सगळं भागवायचं. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला आणि वर इलेक्ट्रिक किटली सुरू केली, की ब्रेकर पडलाच म्हणून समजा. आमचा चहा गॅसवरच होतो. ५० अँपिअरची गाडी घेतलीत तर ही कटकट वाचते, पण ती गाडीही मोठी आणि तिला लागणारी जागाही.

मग पाणी. टाक्या तीन: स्वच्छ पाण्याची, मोरीच्या पाण्याची (ग्रे) आणि संडासाची (ब्लॅक). रिकाम्या करताना आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे मोरीच्या पाण्याने पाइप आपोआप धुऊन निघतो. कॅम्पग्राउंडवर गटाराची जोडणी मिळाली म्हणून ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवू नका. पाणी वाहून जातं, बाकीचं तळाशी साचून घट्ट होतं, आणि ते काढायला माणूस बोलवायचा तर चांगलाच भुर्दंड पडतो. टाकी दोन तृतीयांश भरली की मगच सोडायची. ग्रे टाकीचा खरा शत्रू म्हणजे आपला स्वयंपाक. तेलकट कढई, आमटीचं पातेलं, भाताची खरवड हे सगळं आधी कागदाने पुसून कचऱ्यात टाकायचं आणि मगच भांडं धुवायचं. नाहीतर उन्हाळ्यात असा वास सुटतो की शेजारचा ट्रेलर जागा बदलून घेतो.

प्रेशर कुकर मात्र कितीही जागा खाल्ली तरी घ्याच. कोलोरॅडोतलं एस्टेस पार्क साडेसात हजार फुटांवर आहे. तिथे पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं, आणि उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी कण हाताला लागतात. फोडणी आम्ही बाहेर, टेबलावरच्या छोट्या शेगडीवर करतो. एक तर धुराचा अलार्म कोकलत नाही. दुसरं म्हणजे इतक्याशा जागेत हिंगाचा वास लोकर पहिल्यांदा पिते. नातवासाठी विणलेला स्वेटर लसणाच्या वासासकट पाठवायचा नसेल, तर लोकर झिपच्या पिशवीतच ठेवा.

विणकामाचं म्हणाल, तर या जगण्याला इतका सोयीचा दुसरा छंद मी पाहिला नाही. वीज नको, पाणी नको, टेबल नको. पण सामान घेताना हात आखडता घ्यावा लागतो. मोठ्या माणसाच्या साध्या स्वेटरला अर्धा किलोच्या आसपास लोकर लागते. वजन काहीच नाही, पण फुगून ती अख्खं कपाट अडवते. म्हणून माझा नियम असा: सुयांवर एक मोठं काम, पिशवीत एक पायमोजा, आणि पुढच्या एकाच कामाची लोकर. सुटी टोकं वायरला जोडायच्या गोल सुयांचा एक संच घेतलात, की लांब सरळ सुया मुलीला देऊन टाका. सरळ सुईचं टोक शेजारच्या बरगडीत जातं. मोज्यासाठीही चार-पाच छोट्या सुयांच्या भानगडीत पडू नका. वळणावर एक सुई सीटखाली गेली, की पुढचा थांबा येईपर्यंत हात बांधलेले. लांब वायरच्या एकाच गोल सुईवर मोजा होतो.

गाडी चालू असताना दोन सुलट दोन उलट, यापलीकडे जायचं नाही. जाळीची वीण, मोजायचे टाके, आलेखावर बघून विणायचं काम हे सगळं मुक्कामावर. घाटात मान खाली घालून टाके मोजले तर मळमळणारच, आणि शेजारच्या सीटवरून रस्त्याकडे बघणारे दुसरे डोळे नवऱ्याला हवेच असतात. उंची कमी असलेल्या पुलाची पाटी बऱ्याचदा मला आधी दिसते. आपल्या गाडीची उंची, छतावरच्या एसीसकट मोजून, डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा.

विणून झाल्यावर कापड भिजवून, ताणून, पिना लावून वाळवायचं असतं. घरी बादलीभर पाण्याचं काय मोठंसं! पण ऍरिझोनाच्या वाळवंटात जोडणी नसलेल्या जागी मुक्काम असेल, तर चाळीस गॅलनच्या टाकीत दोघांना आठवडा काढायचा असतो. तिथे मी पलंगावर टॉवेल पसरते, विणलेलं त्यावर पिनांनी ताणते आणि फवाऱ्याने ओलसर करते. कोरड्या हवेत संध्याकाळी झोपायच्या आत खडखडीत वाळतं. याच्या उलट ऑरेगनचा किनारा. तिथे हिवाळ्यात दोघांच्या श्वासाची आणि गॅसची वाफ भिंतीला धरते. बाहेरच्या भिंतीला लागून लोकर ठेवलीत तर बुरशी आलीच. कसरीसाठी डांबराच्या गोळ्या या एवढ्या जागेत नकोतच, डोकं धरतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. कायमचा पत्ता म्हणून बरेच जण साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा निवडतात. तिथे राज्याचा आयकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवाही आहेत. ग्रीन कार्ड असेल तर पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत इमिग्रेशन खात्याचा एआर-११ अर्ज भरायचा असतो, हे आपल्यातले पुष्कळ जण विसरतात. पासष्टी उलटली असेल, तर मूळ मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, देशभर चालतं. त्याऐवजी खासगी कंपन्यांकडून घ्यायच्या ॲडव्हांटेज योजना मात्र बहुधा ठरावीक भागातल्या डॉक्टरांपुरत्या असतात.

हातखर्चासाठी काम मिळतं. कॅम्पग्राउंडवर यजमान म्हणून आठवड्याचे काही तास दिले की जागा फुकट. ऑक्टोबरात नॉर्थ डकोटा-मिनेसोटाच्या रेड नदीच्या खोऱ्यात साखरेच्या बीटच्या काढणीचा हंगाम असतो. बारा-बारा तासांच्या पाळ्या, थंडी मरणाची आणि ओळीने उभ्या आरव्ही. आपल्याकडे ऊस तोडला की लगेच गाळावा लागतो. इथे बीटचे डोंगर उघड्यावर रचतात आणि थंडीच ते टिकवते. माझे गुडघे त्याला तयार नाहीत. तुमचे असतील तर जरूर जा. भारतातून पर्यटक व्हिसावर आलेल्या आईवडिलांना मात्र जागेच्या बदल्यातही असल्या कामाला लावू नका. तो रोजगारच धरला जातो.

आता फिरणं. दर दोन दिवसांनी मुक्काम हलवणारी जोडपी सहा महिन्यांत भांडायला लागतात, असं माझं निरीक्षण आहे. केंद्र सरकारच्या मोकळ्या जमिनीवर एका जागी साधारण १४ दिवस फुकट राहता येतं. तेवढे पुरते राहावेत. एक दिवस कपडे धुण्याचा. लाँड्रीत मशिनं फिरत असताना निम्मा मोजा होतो आणि गावाची खबरबातही कळते. बाकीचे दिवस हिंडायला. लोकरीच्या वाटेने गेलात तर नेब्रास्कातलं मिचेल गाठा. तिथे ब्राउन शीप कंपनीची गिरणी आहे, आणि तिच्या दुकानात किरकोळ दोष असलेल्या लडी स्वस्तात मिळतात. जवळच स्कॉट्स ब्लफचा कडा आहे.

पण एकच जागा निवडायची तर मी ऍरिझोनातल्या गनाडोचं हबेल ट्रेडिंग पोस्ट निवडेन. जॉन लोरेन्झो हबेलने १८७८ साली ते विकत घेतलं. आज ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ असलं तरी दुकान चालूच आहे. लाकडी जमीन करकरते, आणि आतल्या खोलीत इथल्या मूळ रहिवासी नवाहो लोकांनी विणलेल्या गालिच्यांच्या चळती असतात. त्यांची मूळ लोकर चुरो मेंढ्यांची. स्पॅनिश लोकांबरोबर आलेली ही जात. १९३०च्या दशकात सरकारने नवाहोंचे कळप सक्तीने कमी केले, त्यात ती जवळजवळ संपली होती. तिची लोकर हातात घेतली की आपली घोंगडी आठवते: राठ, लांब धाग्याची, अंगालगतच्या स्वेटरला निरुपयोगी. पण तिच्यात चिकटपणा कमी, म्हणून धुवायला पाणीही कमी लागतं. वाळवंटात ती का टिकली, हे आमच्यासारख्या टाकीवर जगणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

उन्हाळ्यात जाणार असाल तर घड्याळ जपा. ऍरिझोना उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करत नाही, नवाहो नेशन, म्हणजे नवाहोंचा स्वतःचा कारभार असलेला प्रदेश, करतं, आणि गनाडो त्यातच येतं. फ्लॅगस्टाफहून दुपारी चारला पोचायच्या हिशोबाने निघालात, तर तिथे पाच वाजलेले असतात.