कॉपी करा, पण कडा वाचून

जलरंग शिकायला आलेली पोरं हमखास विचारतात, "सर, यूट्यूबवर बघून तसंच्या तसं काढलं तर चालतंय का? हात बिघडणार नाही ना?"

चालतंय की! सुरुवातीला तर कराच. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या ज्या जे. जे. कलाशाळेत शिकले, तिथंही आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटनं घटवून घेत.

अडचण व्हिडिओची आहे. दोन वॉशमधलं, म्हणजे पातळ रंगाच्या दोन थरांमधलं, थांबणं त्यात कापलेलं असतं, आणि जलरंगात निम्मं काम थांबण्याचंच. शिवाय तो चित्रकार कुठल्या हवेत बसलाय कुणास ठाऊक. आपल्याकडं जुलैत कागद वाळता वाळत नाही, एप्रिलात ब्रश उचलेपर्यंत वाळलेला. त्याची मिनिटं मोजून आपला वॉश जमणार नाही.

म्हणून कॉपी करताना कडा वाचा. कड विरघळलेली दिसली तर रंग पडला तेव्हा कागद ओला होता. धारदार असेल तर खालचा थर वाळलेला होता. तुटक, खरखरीत दिसली तर ब्रश जवळजवळ कोरडा होता. एवढं ओळखता आलं की कुठला थर आधी, कुठला नंतर, हे बऱ्यापैकी लावता येतं. मोबाइलवर कडा आणि छटा दोन्ही फसवतात. कोल्हापुरातल्या टाउन हॉल म्युझियममध्ये जाऊन आबालालांची चित्रं प्रत्यक्ष बघा.

असं समजून नक्कल करण्यावरून मला चित्रकार आणि सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटर आठवतात. नाटकाचे पडदे रंगवणारे बाबूराव आणि त्यांचे जोडीदार आनंदराव सिनेमानं झपाटले, तेव्हा त्यांनी जुना प्रोजेक्टर मिळवून त्याची रचना समजून घेतली. 1916 मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला आणि 1920 मध्ये त्यांचा 'सैरंध्री' हा सिनेमा आला. नक्कलच ती, पण यंत्र खोलून केलेली.

तरीही कॉपीतून एक गोष्ट येत नाही: काय सोडायचं ते. तुम्ही ज्याचं चित्र उतरवताय, त्यानं भेळेच्या गाड्या, तारा, उभ्या केलेल्या मोटरसायकली आधीच वगळलेल्या असतात. कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर पॅड घेऊन बसलात की हे सगळं एकदम अंगावर येतं. तलावातला संध्यामठ केवढा घ्यायचा, पाण्यात पांढरा कागद कुठं राखायचा, कोण सांगणार? म्हणून मी पोरांना एक चित्र उतरवायला लावतो, मग ते झाकून आठवणीतून काढायला, आणि त्याच आठवड्यात थरांचा तोच क्रम घेऊन रंकाळ्यावर पाठवतो. तिसरं चित्र बहुतेकदा सगळ्यात वाईट येतं. तेच मला दाखवा म्हणतो.

आणि हो, कला महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक चित्रांचा संच, लावताना कॉपी ठेवायची असेल तर खाली मूळ चित्रकाराचं नाव लिहा. बघणारे ओळखतात. नाव असेल तर अभ्यास म्हणून बघतील, नसेल तर पुढची पानंही संशयानं उलटतील.