सर्व्हर अपग्रेडनंतर वाढलेली मेमरी: माझा अनुभव

जावा वेब ॲप्लिकेशन सर्व्हरची नवी आवृत्ती बसवल्यावर, पूर्वी २ जीबीच्या आसपास राहणारी प्रोसेस ४ जीबीच्या पुढे जाऊ लागली आणि साहजिकच पहिला संशय मेमरी लीकवर (वापरून झालेली मेमरी मोकळी न होण्यावर) गेला. मात्र जेसीएमडी ही जावाची कमांड वापरून मुद्दाम फुल जीसी (नको असलेली मेमरी मोकळी करणारी पूर्ण सफाई) चालवली, तेव्हा हीपचा, म्हणजे प्रोग्रामचे ऑब्जेक्ट जिथे राहतात त्या मेमरीचा, वापर दर वेळी ७०० एमबीच्या आसपासच उतरत होता. गळती असती, तर ही खालची पातळी हळूहळू वर सरकली असती. एवढे तपासण्याआधीच हीप डंप (हीपमध्ये काय काय आहे याची फाइल) चाळत बसणे मला व्यर्थ वाटते.

मग चालू प्रोसेसचे फ्लॅग (तिला लागू असलेल्या सेटिंग्ज) काढून पाहिले. कमाल हीप जवळपास ४ जीबी दिसत होता. मशीनची रॅम १६ जीबी, आणि मर्यादा दिली नसेल तर जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारे इंजिन) साधारणपणे रॅमचा चौथा हिस्सा कमाल हीप म्हणून धरते, त्यामुळे हिशेब लगेच जुळला: नवी स्टार्टअप स्क्रिप्ट एक्सएमएक्सची (कमाल हीप ठरवणाऱ्या सेटिंगची) नोंद असलेली जुनी फाइल वाचतच नव्हती.

एक्सएमएक्स पूर्वीप्रमाणे १५३६ एमबी ठेवून सर्व्हर पुन्हा सुरू केला. प्रोसेस २ जीबीच्या आसपास स्थिरावली. हीपबाहेरचा उरलेला वापर मुख्यतः मेटास्पेस (क्लासची माहिती), थ्रेड स्टॅक (प्रत्येक थ्रेडची स्वतःची मेमरी) आणि कोड कॅश (कंपाइल झालेला कोड) यांसारख्या गोष्टींचा असतो, आणि तो एक्सएमएक्सने आवरत नाही.