गोदामाच्या करारात उशिराची भरपाई आणि तंट्याचे कलम कसे लिहावे

यवतमाळ किंवा वाशीमकडे शेतकरी गट गोदाम बांधायला देतात, तेव्हा करारात "उशीर झाल्यास दंड" एवढेच बहुधा लिहिलेले असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारातील आकडा ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि न्यायालय त्याच्या आत वाजवी रक्कमच देते. म्हणून आकडा कसा काढला, हे करारातच मांडावे. समजा, गोदाम नसल्यामुळे दुसरीकडे महिन्याला २४,००० रुपये भाडे आणि कर्जावर १२,००० रुपये व्याज पडत असेल, तर दिवसाला १,२०० रुपये होतात. करार २४ लाखांचा आणि भरपाईची एकूण मर्यादा त्याच्या ५ टक्के धरली, तर ती १०० दिवसांत संपते. त्यानंतर करार रद्द करण्याचा हक्क स्पष्ट लिहावा.

मुदत कधीपासून मोजायची, हेही लिहावे. जागेचा ताबा दिल्याची तारीख त्यासाठी सर्वांत सोयीची. मुदतवाढीचे कलम मात्र जपून लिहावे लागते, कारण पावसाळा दरवर्षीच येतो आणि "पावसामुळे" हा एक शब्द ठेकेदाराला चार महिने मोकळे सोडतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हे पीक नुकसानीमुळे आपल्याला पाठ झालेले माप येथे वापरावे. काळ्या जमिनीतील पाया पाण्याने भरला, तर तो कोरडा होण्याचे दिवसही त्यात धरावेत. रेती मिळाली नाही, ही सबब कोणाच्या माथी, तेही आधीच ठरवावे.

याच करार अधिनियमाच्या कलम ५५ कडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मुदतीला बांधील असलेल्या करारात उशिरा झालेले काम स्वीकारताना भरपाई मागणार असल्याची सूचना दिली नाही, तर ती पुढे मागता येत नाही. म्हणून "मुदत हा कराराचा गाभा आहे" असे लिहावे आणि ताबा घेतानाच लेखी सूचना द्यावी.

तंट्यासाठी आधी १५ दिवस बोलणी, मग मध्यस्थी, असा क्रम ठेवावा. वाद लहान असेल, तर लवादाचे, म्हणजे वाद सोडवायला नेमलेल्या खासगी निवाडकाचे, शुल्कच जड होते, तेव्हा माझ्या मते दिवाणी न्यायालय बरे. लवाद हवाच असेल, तर लवादाविषयीच्या १९९६ च्या कायद्यानुसार तसा लेखी करार लागतो. लवादाचे स्थान जिल्ह्याचेच ठेवावे आणि लवाद एकट्या पक्षाने नेमू नये. लवादाची कार्यवाही समोरच्याला वाद लवादाकडे नेण्याची नोटीस मिळाल्याच्या दिवशी सुरू होते, म्हणून दोघांचे टपालाचे पत्ते करारातच असावेत.