कॅन्सरच्या ऑपरेशनआधी गाठीबद्दल हे ठरवून घ्या

मी मिरजेच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. जत, तासगाव, कवठेमहांकाळकडून गाठी तपासायला येतात. कधी सकाळी काढलेली गाठ संध्याकाळी नुसत्या सलाईनमध्ये घेऊन नातेवाईक दारात उभे राहतात. जीव तुटतो.

म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा: "गाठ फॉर्मालिनमध्ये कधी टाकणार?" फॉर्मालिन म्हणजे गाठ सडू न देणारं द्रावण. गाठ तासाभरात त्यात पडायला हवी, दहा टक्के फॉर्मालिनमध्ये, आणि तेही गाठीच्या दहापट. मोठ्या गाठीला काप द्यावे लागतात, नाहीतर ती मधून सडते आणि हर-टूसारख्या (स्तनाच्या गाठीत पाहिलं जाणारं एक प्रथिन) तपासणीचा भरवसा राहत नाही. औषध तर त्यावरच ठरतं. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रॅस्टुझुमॅब हे इंजेक्शन चालतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये रास जीनमध्ये बदल सापडला, तर सेटुक्सिमॅब या औषधावर पैसे घालून उपयोग नाही.

आता गाठीचा तुकडा संशोधनासाठी दान करण्याचं. 1987 साली अमेरिकेतले डॉक्टर डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 189 बायकांच्या स्तनाच्या गाठी तपासल्या. हर-टू जीनच्या प्रती वाढलेल्या असतील तर आजार जास्त आक्रमक असतो, हे त्यातून कळलं. 1998 मध्ये अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅबला मंजुरी मिळाली. आज आपल्याकडच्या मावशीला ते इंजेक्शन मिळतं, त्यामागे त्या गाठी आहेत.

तुमच्या दवाखान्याचा टिश्यू बँकेशी (संशोधनासाठी असे तुकडे जपून ठेवणारी जागा) संबंध असेल तर तुकडा द्यायचा आहे हे ऑपरेशनआधीच सांगा. ताजा तुकडा लगेच गोठवावा लागतो. फॉर्मालिनमध्ये पडल्यावर ती वेळ गेली. संमतीचा फॉर्म ऑपरेशनच्या फॉर्मपेक्षा वेगळा असतो. तो मराठीत मागा, घरी वाचा. नावाऐवजी कोड लावणार का, पुढे संमती मागे घेता येईल का, हे विचारा. नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडता कामा नये. निदानाला लागेल तेवढं आधी पॅथॉलॉजिस्टनी घ्यायचं, उरलेलंच बँकेला. याचा फायदा बहुधा पुढच्या पेशंटला होतो, तुमचं औषध त्यानं लगेच बदलेल असं नाही. तरीही द्या, असं मी मनापासून सांगते.

शेवटचं: रिपोर्टवरचा ब्लॉक नंबर जपा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमच्या गाठीचा तुकडा, काडेपेटीहून लहान. पुण्या-मुंबईला दुसरा सल्ला घ्यायचा तर लॅबमधून सही करून तो मागून घ्या आणि एप्रिल-मे असेल तर उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.