पहिल्या स्प्रिंटआधी आर्किटेक्चरची तयारी

जिरा या टूलवरचे कामाचे बोर्ड, दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे छोटे टप्पे), स्टँडअपची वेळ, स्क्रम मास्टर कोण, हे आता सगळ्यांना येतं, त्यावर लिहीत नाही. मोठ्या कंपनीत एंटरप्राइझ आर्किटेक्चर (सगळ्या कंपनीच्या सिस्टीम आणि डेटाची एकत्र आखणी) आणि एजाइल (छोट्या टप्प्यांत काम करत जाण्याची पद्धत) एकत्र चालवायचं असेल तर सगळ्यात आधी एक काम उरका: सामाईक डेटाचा मालक ठरवा. ग्राहकाचं नाव, मोबाइल नंबर, पत्ता, पॅन, खात्याची स्थिती, यातल्या प्रत्येकाची खरी नोंद कुठल्या सिस्टीममध्ये आहे आणि ती बदलायचा अधिकार कुठल्या टीमला आहे, हे एका पानावर लिहून काढा. पानावर टीमचं नाव हवं. ‘आयटी विभाग’ असं लिहिलं असेल तर मालक ठरलेला नाही, असंच समजा.

मागच्या वेळी आमच्याकडे नेमकं हेच राहिलं. कर्ज देणारी कंपनी. अ‍ॅपची टीम वेगळी, कर्जमंजुरीची वेगळी, वसुलीची वेगळी. स्प्रिंट वेळेवर संपत होते, डेमो छान होत होते. ग्राहकाने अ‍ॅपमध्ये मोबाइल नंबर बदलला की तो अ‍ॅपच्या डेटाबेसमध्ये बदलायचा. वसुलीची टीम मात्र रोज रात्री जुन्या कर्जप्रणालीतून स्वतःसाठी प्रत घेत होती. त्यामुळे हप्ता थकल्याचा मेसेज जुन्या नंबरवर जायचा, आणि तो नंबर एव्हाना दुसऱ्याच कुणाला मिळालेला असायचा. एका माणसाच्या कर्जाची थकबाकी परक्याच्या फोनवर दिसत होती. तक्रार टीमकडून टीमकडे फिरत राहिली, कारण प्रत्येकीच्या हद्दीत सगळं बरोबरच चाललं होतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माणसाला स्वतःची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला आहे. तुमच्याकडे त्याच माहितीच्या चार प्रती असतील तर ही दुरुस्ती कुठे आणि कोण करणार?

यावर हमखास उत्तर येतं की एजाइलमध्ये आर्किटेक्चर आपोआप घडत जातं. 2001 च्या एजाइल जाहीरनाम्यासोबतच्या तत्त्वांत उत्तम आर्किटेक्चर स्वयंसंघटित टीममधून उदयाला येतं असं म्हटलेलं आहे, आणि एका टीमच्या कोडपुरतं ते मला पटतं. दोन टीमच्या मधली जागा मात्र कुणाच्याच बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, नसते. मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्येच लिहून ठेवलंय की संस्था जी सिस्टीम घडवते तिची रचना त्या संस्थेतल्या संवादाच्या रचनेसारखीच होते. अ‍ॅपवाले आणि वसुलीवाले एकमेकांशी बोलत नसतील तर त्यांचे डेटाबेसही बोलणार नाहीत. म्हणून सिस्टीमचा नकाशा काढण्याआधी टीमचा नकाशा काढा आणि मालकांचं पान त्याच्या शेजारी ठेवून ताडून बघा. एकाच माहितीवर दोन टीम हक्क सांगत असतील तर भांडण आत्ताच होऊ द्या.

टोगॅफ (एंटरप्राइझ आर्किटेक्चर आखण्याची एक चौकट) वापरत असाल तर ए ते एच सगळे टप्पे संपवून मग स्प्रिंट सुरू करायचे, हा हट्ट सोडा. ती पद्धत आपल्या गरजेप्रमाणे कापून घ्यायची आणि पुन्हापुन्हा फिरवायची असते, हे टोगॅफमध्येच सांगितलेलं आहे. व्यवसायाला कुठल्या क्षमता लागतात त्याचा नकाशा, आज काय आहे, पुढच्या वर्षभरात कुठे जायचंय, एवढं सुरुवातीला पुरतं. शंभर पानी दस्तऐवज टीम वाचत नाही.

आर्किटेक्टला टीमसोबत बसवा. महिन्यातून एकदा भरणाऱ्या समितीपुढे डिझाइन मंजुरीसाठी ठेवायचं असेल तर तोवर दोन स्प्रिंट होऊन गेलेले असतात, आणि मग समिती ‘नाही’ म्हणाली तरी कोड लाइव्ह असतो. आर्किटेक्ट बॅकलॉग रिफाइनमेंटला, म्हणजे पुढची कामं नीट मांडून घेण्याच्या बैठकीला, हजर हवा, प्रश्न तिथेच सुटले पाहिजेत. मोठे, मागे फिरवायला महाग पडणारे निर्णय तेवढे एडीआरमध्ये (आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड, म्हणजे निर्णयाची छोटी नोंद) लिहा: संदर्भ, निर्णय, स्थिती, परिणाम. एक-दोन पानं पुरेत, आणि ती कोडच्या रेपॉझिटरीतच ठेवा, नाहीतर कुणाला सापडत नाहीत. पहिला एडीआर कशावर लिहायचा? ग्राहकाच्या नोंदीचा मालक कोण, यावर.

नियम थोडे ठेवा आणि ते मशीनकडून तपासून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2018 च्या आदेशानुसार पेमेंट सिस्टीमचा डेटा भारतातच साठवावा लागतो. मग क्लाउडच्या सेटिंगमध्ये भारताबाहेरचा रीजन (सर्व्हरचं ठिकाण) दिसताच बिल्ड, म्हणजे कोड तयार होणं, थांबलं पाहिजे. 1 ऑक्टोबर 2022 पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क सोडून कुणालाही कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही. तीही तपासणी पाइपलाइनमध्ये (कोड आपोआप तपासून लाइव्ह करणाऱ्या साखळीत) घाला. याच पाइपलाइनमध्ये आणखी एक तपासणी हवी: मालक नसलेल्या टीमचा कोड ग्राहकाच्या मूळ टेबलात थेट लिहीत असेल तर अडवा, त्याला मालक टीमच्या एपीआयमधूनच, म्हणजे तिच्या सिस्टीमशी बोलायच्या ठरलेल्या दारातूनच, जाऊ द्या. वाचणाऱ्यांनाही तोच रस्ता द्या. ‘फक्त रिपोर्टसाठी एक प्रत घेतो’ म्हणणाऱ्यांना तर अजिबात सूट देऊ नका. आमच्याकडची वसुलीची प्रतही रिपोर्टसाठीच सुरू झाली होती.

तिमाहीचं नियोजन करताना आर्किटेक्चरच्या या कामाला जागा ठेवा. सेफ या मोठ्या कंपन्यांसाठीच्या एजाइल पद्धतीत त्याला एनेबलर म्हणतात; नाव काहीही द्या, पण ते बॅकलॉगमध्ये फीचरच्या बरोबरीने दिसलं पाहिजे आणि प्रॉडक्ट ओनरला त्याचं कारण व्यवसायाच्या भाषेत सांगता आलं पाहिजे.

जुनी सिस्टीम एकदम बंद करू नका, एकेक काम बाहेर काढा. त्या मधल्या काळात जुनी आणि नवी दोन्ही चालतात, तेव्हा कुठली खरी, ते तारखेसकट मालकांच्या त्या पानावर लिहा. दोन्हीकडे लिहिणं कायमचं चालू राहिलं तर पुन्हा तोच घोळ. टीम फुटली, जोडली गेली, की पान त्याच दिवशी बदला.

बाकीचं थोडक्यात. एपीआयला आवृत्ती क्रमांक द्या. मॉनिटरिंग पहिल्या रिलीझपासून. व्हेंडरच्या करारात डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये परत मिळेल ते आधी लिहून घ्या. ऑडिटवाल्यांना एडीआर कुठे आहेत ते दाखवून ठेवा. आणि कॉल सेंटरच्या सुपरवायझरला पहिल्या नियोजनाला बोलवा. नंबर कुठे चुकतो ते तिला माहीत असतं.